अ‍ॅक्रनचे 'सायलेंट्स' : टायर, विमानं आणि कर्णबधिर कामगार

ओहायोकर

आमच्या समोरच्या घरात एक आजी राहतात. वय सत्त्याऐंशी. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या दारातला बर्फ दोनतीनदा काढून दिला म्हणून त्यांनी चहाला बोलावलं. बोलताना बाईंचे हात एक क्षण थांबत नव्हते. मला वाटलं, असते एकेकाला सवय. तर म्हणाल्या, "आधी हातांनी बोलायला शिकले, मग तोंडाने." आई-वडील दोघंही कर्णबधिर. दोघंही इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावच्या, रबर कारखान्यांत कामाला. मी या गावापासून वीस मिनिटांवर अकरा वर्षं राहतोय आणि मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. मग वाचत सुटलो. या लोकांच्या योगदानाबद्दल जे सापडलं ते इथे टाकतोय.

अ‍ॅक्रन म्हणजे त्या काळी रबराची पंढरी. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच, सगळ्यांची मुख्य ठाणी इथेच. १९१० साली गावाची वस्ती ६९ हजार, १९२० साली २ लाख ८ हजार. दहा वर्षांत तिप्पट! राहायला जागा नाही, म्हणून खाटासुद्धा पाळीने भाड्याने मिळायच्या. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच गरम गादीवर पडणार. (गिरणगावातल्या गाळ्यांची आठवण झाली ना?)

त्यात पहिलं महायुद्ध आलं. युरोपातून येणारा मजूर थांबला, आणि १९१७ ला अमेरिका स्वतः उतरल्यावर गावातली तरणी पोरंही सैन्यात गेली. इकडे टायर, गॅस मास्क, टेहळणीचे फुगे, आकाशनौका, सगळ्याची मागणी चढतीच. तेव्हा कंपन्यांना आठवली ती माणसं, ज्यांना सैन्य घेत नव्हतं. गुडइयरने शेकडो कर्णबधिर कामगार भरले, फायरस्टोननेही घेतले. दक्षिणेतल्या आणि मध्य-पश्चिमेतल्या निवासी शाळांतून पोरं गाडीत बसून थेट अ‍ॅक्रनला येऊ लागली. या शाळांत छपाई, सुतारकाम, चांभारकाम, शिवण शिकवत, त्यामुळे हाताला वळण आधीच होतं. गावात त्यांना म्हणायचे 'सायलेंट्स'.

त्याआधी याच माणसांना कारखान्याच्या दारात उभं करत नव्हते. कारण ठरलेलं: ऐकू येत नाही, अपघात होईल, भरपाई आमच्या गळ्यात पडेल. आयुर्विमा कंपन्याही त्यांना उभ्या करत नव्हत्या, केल्याच तर जास्त हप्ता लावत. म्हणून १९०१ मध्ये कर्णबधिरांनी आपली स्वतःची विमा संस्था काढली होती, नॅशनल फ्रॅटर्नल सोसायटी ऑफ द डेफ. अ‍ॅक्रनलाही तिची शाखा होती.

मला सगळ्यात रंजक वाटलं ते हे. ज्या गोंगाटात ऐकणारा माणूस शेजाऱ्याच्या कानात ओरडून घसा फोडून घेतो, तिथे हे लोक पन्नास फुटांवरून गप्पा मारत होते! एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मध्ये दहा यंत्रं, आणि यांचं निवांत चालू: काल कोण जिंकलं, कुणाच्या घरी बारसं आहे. आजींच्या वडिलांचा तर किस्साच आहे. नवीन फोरमन आला, तो यांच्यावर खेकसत राहिला आणि हे शांतपणे त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी शेजारच्या ऐकणाऱ्या कामगाराने फोरमनला खुणेनेच सांगितलं, "साहेब, त्याला ऐकू येत नाही. आणि मलाही तुमचं काही ऐकू येत नाहीये."

दुसरी गोष्ट म्हणजे भरती करणारे. गुडइयरने या कामगारांसाठी अ‍ॅशलंड मार्टिन नावाच्या कर्णबधिर माणसालाच नेमलं. फायरस्टोनमध्ये बेन शोवी होता. तोही कर्णबधिर, वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजचा पदवीधर. तो कामगार विभागात बसून कर्णबधिरांच्या नोकऱ्यांचा अभ्यास करायचा आणि त्यावर लिहायचा. दुसऱ्या महायुद्धात गुडइयरकडे हे काम क्रेग एअर्स बघत होता, तोही त्यांच्यातलाच. नव्या पोराला काम समजावणारा माणूस त्याच्याच भाषेत बोलत होता. माझ्या मते अ‍ॅक्रनमधली कर्णबधिरांची वस्ती इतकी वाढली त्याचं अर्धं कारण हे.

आणि फुटबॉल! गुडइयरच्या कर्णबधिर कामगारांचा संघच होता, 'गुडइयर सायलेंट्स'. आसपासचे ऐकणारे संघ त्यांच्याकडून मार खाऊन जायचे. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू गोल करून डोकी जवळ आणतात ना, ती पद्धत १८९० च्या दशकात गॅलॉडेटच्या पॉल हबर्डने सुरू केली असं सांगतात. समोरच्या संघाने खुणा वाचू नयेत म्हणून.

युद्ध संपलं. १९२०-२१ ला मंदी आली आणि रबराचं गाव धाडकन खाली बसलं. गुडइयर जवळजवळ बुडाली, खुद्द संस्थापक फ्रँक सायबरलिंगला १९२१ मध्ये कंपनी सोडावी लागली. त्यात सायलेंट्सपैकी बहुतेकांचे हात रिकामे झाले. काही गावाकडे परतले, काही छापखान्यांत गेले, काही चिकटून राहिले.

बाकी दुसऱ्या महायुद्धाचं प्रतिसादांत लिहितो. हात दुखले.

---

अर्धा_कप

वाचतेय. पन्नास फुटांवरच्या गप्पा डोळ्यांसमोर आल्या. लवकर लिहा.

---

टायरवाला_काका

धागा आवडला. टायर कंपनीत एकतीस वर्षं काढली (नाव सांगत नाही, पेन्शनवाला माणूस आहे), म्हणून थोडं कामाविषयी.

रबर मिक्सिंगची जुनी मिल म्हणजे दोन पोलादी रोल, एकमेकांकडे फिरणारे. त्यात रबर, गंधक, काजळी टाकायची आणि सुरीने पत्रा कापून पुन्हा पुन्हा घालायचा. रोलच्या फटीत हात गेला की गेला. बटण दाबायलाही वेळ मिळत नाही, म्हणून डोक्याशी आडवी दांडी असते, तिला धक्का लागला की मिल थांबते. आता सांगा, यात कानाचं काय काम? मिलवर जे वाचतात ते डोळ्यांनी आणि हातांनी वाचतात. रबर 'पकडायला' लागलं की तळव्याला कळतं, यंत्राचं बेअरिंग जायला लागलं की पायाखालच्या जमिनीला आधी कळतं. आमच्याकडे एक जुना मिलमन होता, ऐकणारा, पण तीस वर्षांत मिलनेच त्याचे कान नेले होते. तो मिलच्या खोक्यावर हात ठेवून सांगायचा, "पुढच्या आठवड्यात बंद पडणार." पडायची.

टायर बांधणं तर निव्वळ हातकाम होतं त्या काळी. ड्रमवर रबर लावलेल्या कापडाचे थर एकावर एक, प्लाय म्हणतो आपण, मग कडेला तारेचं बीड, मग स्टिचर नावाचं छोटं चाक दाबून दाबून हवा काढायची. कुठे बुडबुडा राहिला तर टायर क्युअरिंगमध्ये, म्हणजे साच्यात तापवताना, फुगतो. बोट फिरवलं की बुडबुडा लागतो. ज्याचा स्पर्श तयार तो चांगला बिल्डर.

---

मंजिरी_ठाणे

ओहायोकर, छान लिहिलंय. एकच विनंती, 'मूकबधिर' कुठे वापरलं नाहीत याबद्दल आभार, प्रतिसादांतही कुणी वापरू नये. मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. मुलं मुकी नसतात. वर्गात पाठ फिरवली की मागे इतकी बडबड चालू असते, फक्त ऐकू येत नाही एवढंच.

यातला एक विरोधाभास सांगते. १८८० साली मिलानमध्ये कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद झाली आणि तिने ठरवलं की शिक्षण तोंडी भाषेतूनच द्यायचं, खुणा नकोत. ठरवणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. त्यानंतर युरोप-अमेरिकेत शाळांनी हात बंद करायला सुरुवात केली. खुणा करताना सापडलं की हातावर पट्टी. आपल्याकडेही तेच वारं आलं. म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळात शाळा पोरांना सांगत होती हात खाली ठेव, ओठ हलव. आणि अ‍ॅक्रनच्या कारखान्यात तेच हात चालले म्हणून काम चाललं! १९१३ मध्ये जॉर्ज वेडिट्झ या अमेरिकेतल्या कर्णबधिर नेत्याने कॅमेऱ्यासमोर उभं राहून खुणांच्या भाषेतच भाषण केलं होतं, ही भाषा वाचवा म्हणून. ती फिल्म आजही बघता येते. आवाजाची गरजच नाही तिला.

---

गोटीसोडा

धागा वाचून गहिवरून आलं वगैरे ठीक. पण कंपन्यांनी काय उपकार केले? माणूस मिळत नव्हता तेव्हा घेतले, मंदी आली तेव्हा काढले. वापरून फेकले. यात 'योगदान' वगैरे गोड शब्द कशाला?

आणि दुसरा प्रश्न. हे सायलेंट्स सगळे गोरेच होते का?

---

ओहायोकर

@अर्धा_कप, लिहितो.

@टायरवाला_काका, जमिनीला आधी कळतं हे आजींना वाचून दाखवलं (म्हणजे भाषांतर करून). खूप हसल्या. त्यांच्या घरी वडिलांना हाक मारायची पद्धत हीच होती, लाकडी जमिनीवर टाच आपटायची. दाराच्या घंटेला बल्ब जोडलेला. आणि रात्री दिवा घालवला की गप्पा संपल्या. लहानपणी कुणावर रागावल्या तर त्या डोळे मिटून घ्यायच्या. आई काय ओरडणार मग!

@गोटीसोडा, पहिल्या प्रश्नावर तुमच्याशी अर्धा सहमत. उपकार कुणीच केले नाहीत. पण 'वापरून फेकले' म्हटलं की ते कामगार मातीचे गोळे होतात. त्यांना हे दिसत होतंच. बेन शोवीचं लिखाण बघा, तो कनवाळूपणाच्या नोकऱ्या मागत नव्हता. आम्हाला वेगळं काढून पोसू नका, कामावर घ्या आणि कामावर जोखा, असा त्याचा सूर. आणि त्यांनी पगाराचं काय केलं तेही बघा ना. घरं घेतली, लग्नं केली, क्लब काढले, चर्चमध्ये आपल्या भाषेतल्या प्रार्थना सुरू केल्या. अ‍ॅक्रनला कर्णबधिरांचा चव्हाटा म्हणायचे, देशभरातले लोक इथे येऊन एकमेकांना भेटत. १९४५ च्या एप्रिलमध्ये इथेच देशातल्या कर्णबधिर क्लबांची बास्केटबॉल स्पर्धा झाली आणि त्यातून त्यांची राष्ट्रीय क्रीडा संघटना उभी राहिली. आर्ट क्रूगरचं नाव त्यात पहिलं घेतात. युद्ध अजून चालू होतं तेव्हा!

दुसरा प्रश्न बोचरा आहे आणि बरोबर आहे. हो, सायलेंट्सचं जग गोऱ्यांचं होतं. दक्षिणेत काळ्या कर्णबधिर मुलांच्या शाळाच वेगळ्या, तिथे पैसा कमी, आणि भरतीची वाट त्या शाळांकडे जात नव्हती. काळ्या ऐकणाऱ्या कामगारालाही रबर कारखान्यात झाडू आणि ओझी यापलीकडे सहसा काही मिळत नसे. आणि हे फक्त कंपन्यांचं पाप नाही. कर्णबधिरांची राष्ट्रीय संघटना, नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ, १८८० पासूनची. तिने १९२५ च्या क्लीव्हलंड अधिवेशनात काळ्या सभासदांना दार बंद केलं. क्लीव्हलंड म्हणजे अ‍ॅक्रनपासून जेमतेम तासाभरावर. ते दार १९६५ मध्ये उघडलं.

---

सुरंगी

आणि बायका? आजींची आई काय करायची?

---

ओहायोकर

@सुरंगी ताई, आई टायर विभागात नव्हती, रबरी कापड तपासायच्या टेबलावर होती. दोन्ही युद्धांत कर्णबधिर बायका कारखान्यांत होत्या. पगार पुरुषांपेक्षा कमी, तो तर ऐकणाऱ्या बायकांचाही कमीच होता. वर उल्लेखलेल्या राष्ट्रीय संघटनेत बायकांना मताचा हक्क कधी मिळाला माहितेय? १९६४. म्हणजे आजींच्या आईने दुसऱ्या महायुद्धात काम केलं, दोन मुलं वाढवली, आणि स्वतःच्याच लोकांच्या संघटनेत हात वर करायला वीस वर्षं थांबली.

आता दुसरं महायुद्ध. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बर, आणि पुढच्या काही महिन्यांत जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतलं. अमेरिकेचं नैसर्गिक रबर येत होतं त्यातलं ९० टक्के तिथूनच. एका फटक्यात अ‍ॅक्रनच्या तोंडचं पाणी पळालं. मग कृत्रिम रबराचा सरकारी कार्यक्रम आला आणि त्याच वेळी टायरवाल्यांनी टायर सोडून काय काय बनवलं! गुडइयरच्या विमान कंपनीने नौदलासाठी कॉर्सेअर लढाऊ विमानं बांधली, चार हजारांहून जास्त. पाणबुड्यांवर नजर ठेवणाऱ्या आकाशनौका शंभराहून जास्त. फायरस्टोनने ४० मिलिमीटर बोफोर्स तोफांचे गाडे बनवले. (बोफोर्स म्हटलं की आपल्याला १९८७ च आठवतं, त्याला इलाज नाही.)

इथल्या एअरडॉकसमोरून, म्हणजे आकाशनौका बांधायच्या शेडसमोरून, मी रोज जातो. १९२९ ची इमारत, लांबी ११७५ फूट, उंची २११ फूट, आत खांब एकही नाही. इतकी मोठी, की आतल्या आत धुकं धरतं.

सैन्यभरतीत कर्णबधिरांवर नापासाचा शिक्का, ४-एफ. तोच शिक्का कारखान्याला फायद्याचा. हा माणूस उद्या सैन्यात उचलला जाणार नाही, शिकवलेलं वाया जाणार नाही. युद्धाच्या काळात अ‍ॅक्रनमध्ये हजाराच्या आसपास कर्णबधिर कामगार होते असं म्हणतात. जून १९४१ मध्ये रूझवेल्टने संरक्षण उत्पादनात भेदभाव करू नका असा आदेश काढला होता, पण त्यात वंश, धर्म, रंग, मूळ देश एवढंच. कान, डोळे, हात-पाय त्यात कुठेच नव्हते. त्यामुळे अ‍ॅक्रनबाहेर कितीतरी ठिकाणी 'नाही' हे उत्तर कायदेशीरच होतं.

आजींचे वडील युद्धात रिव्हेटवर होते. विमानाचा पत्रा, बाहेरून एक जण हवेची बंदूक धरतो, आतून दुसरा लोखंडी ठोकळा. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. ऐकणाऱ्या जोड्या ठोकून ठोकून इशारे द्यायच्या. वडिलांचा जोडीदार ऐकणारा होता. त्याने वडिलांकडून एक शिकून घेतलं: पत्र्यावर पंजा सपाट ठेवायचा, थरथर थांबली की समजायचं रिव्हेट बसली. वडील बोलायचे ती भाषा त्याला कधी आली नाही, पण एवढं एक वाक्य त्या दोघांना पुरलं.

---

शिवडीकर

फायरस्टोनवरून आठवलं. आमच्या शिवडीला हे बंदर रोडला फायरस्टोनचा कारखाना होता. पुढे बॉम्बे टायर्स झाला, मग मोदीस्टोन. आमचे वडील तिथे होते. लहानपणी वडील घरी आले की आधी वास यायचा, मग वडील. आजींच्या वडिलांचाही तसाच असणार.

वडिलांच्या खात्यात कर्णबधिर कुणी होतं का ते माहीत नाही. पण खात्यातले सगळे खुणेने बोलायचे एवढं नक्की. घरी आल्यावरही वडील पाणी मागायला अंगठा तोंडाकडे न्यायचे. आई चिडायची, "मी काय मशीन आहे का, तोंडाने सांगा."

---

नाईट_शिफ्ट

आमचा मामा कर्णबधिर. भोसरीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर होता. लेथवर कट बरोबर बसतोय का हे तो हेडस्टॉकला दोन बोटं लावून ओळखायचा. मालकाने कौतुकाने इतरांना दाखवायला आणलं होतं एकदा. पगारवाढीच्या वेळी मात्र, "याला कुठे दुसरी नोकरी मिळणार" म्हणून चार वर्षं तोच पगार. मामाला ते ऐकू आलं नाही, पण मालकाच्या ओठांवरून त्याने वाचलं होतं. घरी येऊन आईला सांगितलं. मालकाला कधीच कळलं नाही की मामाला माहीत आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत कर्णबधिरांसाठी एक टक्का आरक्षण आहे, ते चांगलंच. पण भोसरीच्या गाळ्यात कायदा कोण बघतं.

---

गोटीसोडा

@नाईट_शिफ्ट, हेच म्हणत होतो मी.

@ओहायोकर, शोवीबद्दल पटलं. 'योगदान' या शब्दावरचा आक्षेप मागे घेत नाही, पण माझा सूर थोडा खाली आणतो.

---

मंजिरी_ठाणे

@नाईट_शिफ्ट, मामांचा किस्सा वर्गात सांगू का? मोठ्या मुलांना ओठ वाचायचा कंटाळा येतो. याने ताबडतोब उत्साह येईल!

अवांतर: १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या काही राज्यांनी कर्णबधिरांना गाडीचा परवाना नाकारायला सुरुवात केली होती, संघटनेने लढून ते हाणून पाडलं. टायर यांनी बनवायचे आणि गाडी दुसऱ्याने चालवायची!

---

नाईट_शिफ्ट

सांगा की. मामाचं नाव नका घेऊ फक्त, तो अजून मालकाच्या मुलाकडे कामाला आहे.

---

अर्धा_कप

एक बालिश प्रश्न. युद्ध संपलं ते त्यांना कसं कळलं? तेव्हा सगळं रेडिओवर असायचं ना?

---

ओहायोकर

@अर्धा_कप, अजिबात बालिश नाही, हाच प्रश्न मी आजींना विचारला.

घरात रेडिओ होता, मुलांसाठी घेतलेला. आईबाबा त्याच्यावर फुलदाणी ठेवायचे. १४ ऑगस्ट १९४५, संध्याकाळचे सात वाजलेले. आजी तेव्हा सात वर्षांच्या. रेडिओवर ट्रूमनची घोषणा झाली आणि गावातले सगळे भोंगे एकदम सुरू झाले, गाड्यांचे हॉर्न, चर्चच्या घंटा. वडील मागच्या अंगणात टोमॅटोला काठ्या बांधत होते, पाठ करून. ही धावत गेली आणि नेहमीसारखी टाच आपटली. पण अंगणात माती, काही पोचेना. मग समोर जाऊन उभी राहिली. युद्धाची खूण तिला येत होती, संपलं हीसुद्धा येत होती.

वडिलांनी हातातली सुतळी खाली ठेवली, तिच्याकडे बघितलं आणि खुणेने विचारलं, "उद्या पाळी आहे का?"

---

टायरवाला_काका

होती का मग?

---

ओहायोकर

दोन दिवस सुट्टी मिळाली, काका. मग विमानांच्या ऑर्डरी रद्द झाल्या. ते परत टायर बांधायला गेले, तीन महिने घरी बसल्यावर.